मीरा-भाईंदर : घर, गुंतवणूक आणि शेजार

दहिसर स्थानक मागे पडले की मुंबई महानगरपालिकेची हद्द संपते. विरारकडे जाणारी लोकल पुढे मीरा रोड आणि भाईंदर ही दोन स्थानके घेते आणि वसईच्या खाडीवरील पुलावर चढते. या दोन स्थानकांच्या दोन्ही बाजूंना पसरलेले नगर म्हणजे मीरा-भाईंदर. ठाणे जिल्ह्यातील, तरीही मनाने आणि पोटाने मुंबईचे. आपल्या समाजातील असंख्य व्यापारी कुटुंबांनी येथे पहिले घर घेतले. अनेकांनी दुसरे घर गुंतवणूक म्हणून घेतले. आमचे कुटुंबही त्यांपैकीच एक. घर घेताना आणि राखताना जे हिशेब आम्ही मांडले, आणि जे मांडायचे राहून गेले, ते वाचकांपुढे ठेवावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी येथे पहिल्यांदा आलो तो १९८९ साली, आप्पांबरोबर. सांगली जिल्ह्यात आमचे भांड्यांचे दुकान होते. पितळेची भांडी मागे पडून स्टीलचे डबे, ताटे, पातेली यांची मागणी वाढली होती आणि भाईंदर पूर्वेला त्या मालाचे कारखाने होते. मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचे, पहाटे दादरला उतरायचे आणि तेथून लोकल पकडायची. बोरिवली ओलांडल्यावर गाडीच्या खिडकीतून खारट वारा येई. रुळांच्या कडेला मिठागरे होती. चौकोनी वाफ्यांत पाणी चमकत असे आणि बांधावर मिठाचे पांढरे ढीग रचलेले असत. कारखान्यात माल किलोवर तोलून मिळे. भाव ठरवून झाला की आप्पा आजूबाजूची जमीन पाहत उभे राहत. शेतकऱ्याच्या नजरेने ते म्हणत, “येथे पीक येणार नाही. येथे माणसेच येणार.”

माणसे आली. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत येथे ५ लाख २० हजार लोक होते; २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. मुंबईत परवडणारे घर न मिळालेला प्रत्येक समाज या गाडीतून येथे उतरला.

मात्र हे नगर मोकळ्या मैदानावर वसले असे समजणे चुकीचे ठरेल. मिठागरांत राबणारे आगरी, उत्तनच्या किनाऱ्यावरचे कोळी आणि शेतीवाडी करणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ही येथील मूळ वस्ती. उत्तनजवळच्या धारावी किल्ल्याचे नाव चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी जोडलेले आहे. पूर्वेला घोडबंदरला पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला आहे. नंतर आलेल्यांनी आपापल्या सोयीने वस्त्या धरल्या. भाईंदर पश्चिमेला राजस्थानी व गुजराती जैन कुटुंबे बहुसंख्येने आली आणि तेथे बावन जिनालयासारखी देरासरे उभी राहिली. मीरा रोडच्या नया नगरमध्ये मुस्लिम वस्ती वाढली. शांतीनगरच्या सेक्टरांत कोकणी, गुजराती, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य असे सर्वच राहू लागले. पर्युषणात एका रस्त्याने वरघोडा जातो, रमझानच्या संध्याकाळी दुसऱ्या रस्त्यावर फळांच्या गाड्या लागतात आणि छठपूजेला खाडीकाठ गजबजतो. नवख्या माणसाला याचे कौतुक वाटते. येथे राहणाऱ्याला मात्र हे रोजचे असते आणि रोजच्या गोष्टीला सांभाळावे लागते.

पहिले घर

१९९४ साली आम्ही मीरा रोड पूर्वेला चार मजली इमारतीत दोन खोल्या व स्वयंपाकघर असे घर घेतले. चार लाखांच्या आसपास रक्कम होती. आप्पांनी दुकानातून काही काढली, काही नातेवाइकांकडून उसनी घेतली. भाईंदरचा माल सांगली-कोल्हापूरच्या दुकानदारांना पुरवण्याचे काम मी अंगावर घेतले होते आणि त्यासाठी येथे बिऱ्हाड हवे होते.

इमारतीत अठ्ठावीस घरे. आमच्या मजल्यावर समोर लाकडाचे व्यापारी चाचा, शेजारी रेल्वेत नोकरी करणारे कोकणातले कुटुंब आणि कोपऱ्यात टंकलेखनाचे काम करणाऱ्या ईस्ट इंडियन आंटी. आई गावाहून आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने दाराला पडदा लावला. समोरच्या स्वयंपाकघराचा वास तिला सोसत नव्हता. तिला परत जायचे होते.

तिला थांबवले ते पाण्याने. त्या वर्षांत येथे पाण्याची मोठी टंचाई होती. टँकर येई तो बहुधा मध्यरात्री, आणि प्रत्येक मजल्यावरून एकाने खाली उभे राहायचे अशी पाळी असे. मी मालासाठी बाहेरगावी असलो की आमची पाळी चाचा करीत. आईला पाणी गाळून लागते हे चाचींच्या लक्षात आल्यावर त्यांनी आमचे पिंप भरताना नळीच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधायला सुरुवात केली. कोणी सांगितले नव्हते. दोन महिन्यांनी आईने दाराचा पडदा काढला. तिने त्यांच्या घरचे पाणी कधी घेतले नाही आणि त्यांनी कधी आग्रह केला नाही. पण सूर्यास्तापूर्वी आईचे जेवण आटोपले की दोघी जिन्यात बसत. आमच्या मजल्यावरचा शेजारधर्म असा होता. त्यात कोणालाही आपला नियम मोडावा लागला नाही.

कागद आणि सह्या

व्यापारी माणूस घर पाहताना दर, दिशा आणि स्थानकाचे अंतर पाहतो. आम्हीही तेवढेच पाहिले. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे पाहायचे राहिले.

१९६३ च्या मोफा कायद्यानुसार बांधकाम करणाऱ्याने इमारत आणि जमीन संस्थेच्या नावे करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने ते केले नाही आणि उपनगरातल्या अनेक जुन्या इमारतींची स्थिती अशीच आहे. घर आपले, करारनामा आपला, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. अशी इमारत मोडकळीस आली की पुनर्विकासाच्या वेळी खरी अडचण कळते. खारी हवा आणि समुद्रकाठची ओल यांमुळे येथील जुन्या इमारतींच्या सळया गंजतात, गिलावा सुटतो. म्हणून इमारत तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. आमच्या गच्चीचा एक तुकडा पडला तेव्हा आम्ही जागे झालो.

कायद्यात २००८ सालापासून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय आहे. बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते. सांगायला हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात आम्हाला तीन वर्षे लागली. प्रत्येक घराचा नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, मुद्रांक शुल्काची पावती हे सर्व गोळा करावे लागले. कोणाचा करारनामा गावी होता, कोणी घर विकून गेलेला होता, कोणाच्या वारसांत वाद होता. चाचा अध्यक्ष होते, कोकणातले काका सचिव, मी खजिनदार. आंटींनी अठ्ठावीस घरांची यादी स्वतः टंकून काढली. ठाण्याच्या कचेरीत आम्ही किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. काका उपासाच्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणीत आणि तिच्यात बटाटा न घालण्याची आठवण घरी देऊन येत, कारण डब्यातला अर्धा वाटा माझा असे.

त्या कचेरीच्या बाकावर मला एक गोष्ट उमगली, जी कोणत्याही दलालाने सांगितली नव्हती. दुकानाचा गाळा किंवा गावचा वाडा एकट्याचा असतो. फ्लॅट एकट्याचा कधीच नसतो. त्याची जमीन, गच्ची, पाण्याची टाकी आणि भविष्यातला पुनर्विकास हे सारे सामाईक असते. पुनर्विकासाला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. म्हणजे माझ्या घराची किंमत माझ्या शेजाऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे आणि त्याच्या घराची माझ्या. ज्या इमारतीत माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, तेथील चौरस फुटाचा भाव कितीही असो, ती गुंतवणूक कच्ची आहे.

दुसरे घर

२०१३ साली व्यवसायात चार पैसे शिल्लक पडले आणि त्याच वसाहतीत आम्ही दुसरे घर घेतले, भाड्याने देण्यासाठी. अशा घराचा हिशेब समाजबांधवांनी कोरड्या मनाने मांडावा. समजा, आजच्या दराने घर ८० लाखांचे आहे आणि भाडे महिना २० हजार येते. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. त्यातून देखभाल खर्च ३६ हजार, मालमत्ता कर ८ हजार, एक महिना घर रिकामे राहिले तर २० हजार आणि दलाली २० हजार वजा करा. हाती १ लाख ५६ हजार उरतात, म्हणजे मुद्दलावर दोन टक्क्यांहूनही कमी. जमिनीचा भाव वाढेल या आशेवरच उरलेले सारे उभे असते, आणि आशा खतावणीत जमेकडे लिहिता येत नाही.

या हिशेबात मी स्वतः एक खर्च वाढवला, तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०१६ साली दलालाचा फोन आला. पती-पत्नी दोघेही शिक्षक, एक लहान मूल, भाडे मान्य, अनामत तयार. मग त्याने नाव सांगितले आणि विचारले, “शेठ, चालेल ना?” मी म्हणालो, “नको. दुसरे बघा.” वाक्य एवढेच होते. घर नंतर पाच महिने रिकामे राहिले. पंधरा हजारांप्रमाणे पंचाहत्तर हजार रुपये बुडाले आणि मी ते नशिबाच्या खात्यावर टाकले.

पुढल्या वर्षी मुलगी नववीत गेली. गणितात ती कच्ची होती. सहा महिन्यांत तिची भीती गेली. शाळेच्या पालकसभेत मी तिच्या बाईंचे आभार मानायला गेलो आणि बोलता बोलता कळले की त्या आमच्याच वसाहतीत घर शोधत होत्या, मिळाले नाही म्हणून लांब राहतात आणि रोज रिक्षा बदलून येतात. नाव ऐकले आणि माझ्या घशाशी काहीतरी अडकले. त्यांना माझी ओळख असण्याचे कारण नव्हते. मी काही न बोलता परतलो.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावाणीच्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे नातेवाइकांना फोन लावून देण्यास सांगितले. मी सर्वांची क्षमा मागितली. ज्यांचा माझ्याकडून काहीही अपराध झाला नव्हता त्यांचीही. संध्याकाळी मी पत्नीला सर्व सांगितले आणि आम्ही दोघे बाईंच्या घरी गेलो. माझे बोलणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “त्या महिन्यात आम्हाला सात घरांतून नकार आला. येऊन सांगणारे तुम्ही पहिलेच.” त्यांनी चहा विचारला. सूर्य मावळला होता, म्हणून आम्ही नको म्हटले. मग भीती वाटली की हा नकारही त्यांना तसाच वाटेल. पत्नीने कारण सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला ठाऊक आहे, तुमची मुलगी सहलीतसुद्धा अंधाराआधीच डबा उघडते.”

तेव्हापासून भाडेकरूला मी एकच प्रश्न विचारतो आणि तो सर्वांना सारखाच विचारतो : या स्वयंपाकघरात मांस-मासे शिजणार नाहीत, हे जमेल का? नाव त्यानंतर विचारतो. काही जण प्रांजळपणे नाही म्हणून गेले. काही राहिले, सध्या वसईकडच्या एक परिचारिका आणि त्यांचे कुटुंब तेथे आहे. ही अटही योग्य आहे का, यावर घरात एकमत नाही. मुलगी म्हणते, “बाबा, नकारच आहे हा, फक्त सभ्य भाषेतला.” मला तिचे म्हणणे पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही.

दोन मोर्च्यांच्या मध्ये

संमिश्र वस्तीत सर्व काही गोड असते असे लिहिणे ही फसवणूक ठरेल. २०१५ साली पर्युषणातल्या मांसविक्री-बंदीवरून येथे वाद झाला. २०२४ च्या जानेवारीत धार्मिक तणावाने काही दिवस दुकाने बंद राहिली. २०२५ मध्ये मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि त्यानंतर मराठीजनांचा. सांगलीहून मामांचा फोन आला, “तू कोणत्या मोर्च्यात?”

प्रश्न थट्टेचा होता, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी व्यापारी आहे आणि माझी मातृभाषा मराठी आहे. आमच्या आजीने व्रतकथा मराठीत ऐकल्या, आप्पांनी वही मराठीत लिहिली. हात उगारून भाषा शिकवता येते यावर माझा विश्वास नाही. पण ज्या मातीत आपण घर आणि गाळा दोन्ही घेतले, तेथील भाषा तीस वर्षांत गल्ल्यावर बसून शिकता आली नाही, ही गोष्टही भूषणावह नाही. माझ्या गोदामात राजस्थानहून आलेली मुले आहेत. त्या आठवड्यापासून बिलावरील मालाची नावे आम्ही मराठीत लिहू लागलो. मुलांना महिनाभरात ती वाचता येऊ लागली. मुद्रांक शुल्क भरले की घर आपले होते. गाव आपले व्हायला आणखी काही भरावे लागते.

घर घेणाऱ्यांसाठी

नव्याने घर पाहणाऱ्या कुटुंबांना अनुभवाने काही सांगावेसे वाटते. नवीन इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. २०१७ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेत ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि दर चटई क्षेत्रावर सांगावा लागतो. जुनी इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हे तीन कागद मागावेत. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे बंधनकारक आहे, आणि घरमालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. पुरेशा कारणाशिवाय कोणालाही सभासदत्व नाकारता येत नाही, हे सहकार कायद्याचे कलम २३ पदाधिकाऱ्यांनी स्मरणात ठेवावे.

याखेरीज एक काम कागदाबाहेरचे आहे. व्यवहार ठरवण्यापूर्वी संस्थेच्या एका सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचायला मागावे. लोक कशावरून भांडतात आणि भांडण कसे मिटवतात, हे त्यावरून कळते.

दिवाळीनंतरची सभा

आमची इमारत आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. चाचा वारले, त्यांच्या मुलाने घर विकले आणि तो नया नगरला गेला. दोन जैन कुटुंबे भाईंदर पश्चिमेला देरासराजवळ गेली. वय झालेल्या माणसाला मंदिर पायी गाठता यावे, ही इच्छा मी समजू शकतो. आईचीही तीच इच्छा आहे. पण प्रत्येक जण आपापल्या माणसांत गेला की मधल्या इमारती कोणाच्या उरणार, हा प्रश्न मला सतावतो.

आता पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आहे. विकासकाने सुचवले आहे की नवीन इमारत केवळ शाकाहारी कुटुंबांसाठी ठेवली तर विक्रीचा दर चांगला मिळेल आणि जुन्या सभासदांना जादा जागा देता येईल. ज्यांना ही अट मान्य नसेल त्यांना रोख मोबदला घेऊन जाता येईल. माझा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. त्याने आकडे मांडून दाखवले. आकडे बरोबर आहेत. दोन घरांवर मिळून आमचा फायदा थोडाथोडका नाही.

परिग्रहपरिमाण व्रतात मर्यादा घालायच्या वस्तूंची जी यादी आहे, तिच्यात क्षेत्र आणि वास्तू सर्वांत आधी येतात, सोन्या-चांदीच्याही आधी. आप्पा हे नेहमी सांगत आणि मी ते नेहमी ऐकून सोडून देत असे. त्या रात्री मुलाचे गणित झाल्यावर आईने विचारले, “आंटीला पण पैसे देऊन पाठवणार का?” आंटी आता एकट्या आहेत, वय सत्त्याहत्तर. संस्थेच्या कपाटात त्यांनी टंकलेली अठ्ठावीस घरांची यादी अजून आहे. तिच्या आधारे ही जमीन आमच्या नावावर झाली आणि ही जमीन नावावर झाली म्हणून आज विकासक दारात उभा आहे.

सभा दिवाळीनंतर आहे. पुनर्विकासाच्या बाजूने मी मत देईन, कारण इमारत खरोखर थकली आहे. त्या अटीच्या विरोधात देईन. मुलगा अजून माझ्या बाजूने नाही. मात्र सभेआधी तो स्वतः आंटींकडे जाऊन बोलणार आहे. तेवढे त्याने कबूल केले आहे.